पेटीवाल्या बाईंचा नवरा

माझ्या विनोदी गाण्यांची सुरुवात गॅसच्या सिलिंडरपासून झाली. राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही नवा संसार मांडला होता. सिलिंडर संपलेला, नंबर लावून तीन आठवडे उलटलेले, आणि बायको स्टोव्हशी झुंजत होती. मदत करायची सोडून मी दारात उभा राहिलो, दोन ओळी जुळवल्या आणि चालीवर म्हणून दाखवल्या:

सिलिंडराची वाट पाहुनी डोळे आले भरून,
एकदा तरी ये रे राजा, सायकलवर बसून!

बायकोने वर न बघता हात पुढे केला. "ती पिन द्या."

एवढीच प्रतिक्रिया. मी ती शाबासकी समजलो. पुढची कित्येक वर्षं मी अशाच गोष्टींना शाबासकी समजत आलो.

आमच्या कॉलनीत मराठी घरं असतील वीसेक. सगळे सरकारी नोकर. गणपती बसायचा तो बारातघरात, म्हणजे कॉलनीतल्या लग्नांच्या हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी करमणुकीचा कार्यक्रम. त्या वर्षी ऐनवेळी जादूगाराला कावीळ झाली आणि मंडळाचे चिटणीस आमच्या दारात उभे राहिले.

"अहो, ते तुमचं सिलिंडरचं गाणं म्हणा की. दहा मिनिटं भरून काढायची आहेत."

"पण साथीला कोण?"

चिटणीसांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. कोपऱ्यात बायकोची पेटी होती. ही पेटी तिच्याबरोबर नागपूरहून रेल्वेच्या ब्रेकमधून आली होती, आणि तिची काळजी सासरच्या माणसांपेक्षा जास्त घेतली जायची. बायको तिथे दहा वर्षं रीतसर शिकली होती. नाट्यगीतं, भजनं, सगळं. तिचे गुरुजी म्हणायचे, पेटीवाल्याने तोंड घरी ठेवून यावं. गाणाऱ्याच्या आधी वाजवणाऱ्याचा चेहरा बोलता कामा नये.

"सिलिंडरच्या गाण्याला पेटी?" ती म्हणाली. "गुरुजींना कळलं तर?"

"गुरुजी नागपुरात आहेत."

बसली. आणि गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे तोंड घरी ठेवून बसली. मी हातवारे करतोय, डोळे फिरवतोय, उड्या मारायचंच काय ते बाकी, आणि ही शेजारी अशी, जणू बँकेच्या रांगेत उभी आहे. दुसऱ्या कडव्यानंतर तिने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मामाने लग्नात दिलेलं ते किल्लीचं घड्याळ. क्वार्टरात संध्याकाळचं पाणी ठरलेल्या वेळी यायचं आणि ठरलेल्या वेळेआधी जायचं. तिचा जीव बादल्यांत अडकला होता. नेमक्या त्याच क्षणी बारातघर हसण्याने हादरलं.

मी मनात म्हटलं, दुसरं कडवं चांगलं जमलंय.

मग काय विचारता! पुढच्या वर्षी टेलिफोनचं गाणं झालं:

नंबर लावला लग्नामध्ये, पोर निघालं शाळेला,
फोन येईल म्हणती, बसवा नातू त्याच्या पाळीला!

मग स्कूटरच्या बुकिंगचं, रेशनच्या साखरेचं, वरच्या टाइपच्या क्वार्टरसाठी साहेबांच्या कुत्र्याला फिरवणाऱ्या बाबूचं. करोलबागेत बोलावणं आलं, जनकपुरीत आलं. कँटोन्मेंटातल्या जवानांच्या गणपतीत तर सातारा-कोल्हापूरकडची पोरं पोट धरून जमिनीवर लोळली. तिथले एक सुभेदार कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एकच इच्छा हाय. वहिनींना एकदा तरी हसवून दाखवा."

"ती हसत नाही हो. तिला विनोद कळत नाही," मी म्हणालो.

सुभेदारांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चहा मागवला. मला वाटलं, फौजी माणूस, बोलणं कमी.

मी कार्डं छापून घेतली. मधोमध माझं नाव, खाली 'विनोदी गीतकार व गायक'. त्याखाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात 'हार्मोनियमची सोय आहे'. सोय! बायकोने कार्ड वाचलं आणि डब्याचं झाकण घट्ट बसावं म्हणून त्याखाली घातलं. त्यालाही मी शाबासकीच समजलो.

त्यानंतर देशाचं उदारीकरण झालं. सगळ्यांचं भलं झालं आणि माझं दिवाळं निघालं. हसू नका. माझी सगळी गाणी न मिळणाऱ्या वस्तूंवर होती. त्या वस्तू एकेक करून मिळू लागल्या. फोन आला. स्कूटर शोरूममध्ये जाऊन आणता येऊ लागली. सिलिंडरवाला आपणहून विचारू लागला, "बाऊजी, एक और रख दूँ?" लोकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आणि मी गाण्यांच्या वहीवर एकेक फुली मारतोय. कच्चा माल संपलेल्या कारखान्यासारखी माझी अवस्था.

त्यातच आम्हाला यमुनेपलीकडे, नोएडात, सोसायटीचा फ्लॅट लागला. तिसरा मजला, समोर मोकळं मैदान, मैदानात म्हशी आणि म्हशींच्या मागे अर्धवट बांधलेलं एक काचेचं ऑफिस. आमची मोठी मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ती गॅलरीत उभी राहून म्हणाली, "बाबा, इथे तर कुछ भी नहीं है." मी म्हटलं, "होईल बेटा." माझ्या आयुष्यात खरं ठरलेलं हे एकमेव भाकीत.

नोएडात मराठी घर दिसायला तीन सेक्टर ओलांडावे लागत. कार्यक्रम बंद पडले. बायकोला मात्र सहा महिन्यांत शोध लागला, की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बायका मंगळवारी कीर्तन करतात आणि त्यांची पेटी बेसूर आहे. ती एकदा ऐकायला गेली, दुसऱ्यांदा स्वतःची पेटी घेऊन गेली आणि तिसऱ्या मंगळवारी त्या बायका तिला 'मास्टरनी जी' म्हणू लागल्या. मी घरी बसून वहीवर फुल्या मारत होतो.

अशात मला गुडगावहून फोन आला. एका कंपनीचा 'फॅमिली डे' होता. आमच्या सेक्टरातल्या कोणीतरी माझं नाव सुचवलं होतं. कार्यक्रम ठरवणारा तरुण घरी येऊन बसला. त्याने पेटीकडे बघितलं.

"सर, हार्मोनियम थोड़ा भजन टाइप नहीं हो जाएगा? हम लोग आपका म्यूज़िक ट्रॅक बनवा देते हैं. ड्रम, गिटार, सब. आप बस माइक पकड़िए."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तेव्हा मी जे म्हणालो ते आजही आठवलं की कानाची पाळी गरम होते.

"हां हां, बिल्कुल. वैसे भी इनको तकलीफ़ होती है."

आणि मग तिच्याकडे वळून, मराठीत, जणू उपकार करतोय अशा आवाजात, "तुला कशाला उगाच गुडगावपर्यंत दगदग?"

"बरं," ती म्हणाली.

मराठी बायकोचं 'बरं' किती प्रकारचं असतं हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं. तिने कप ठेवले. दुसऱ्या दिवशी पेटी तिच्या खोक्यात गेली आणि खोक्यावर हिवाळ्याच्या रजया चढल्या. मंगळवारी पेटी कीर्तनासाठी खाली उतरायची, तेवढीच. माझ्या गाण्यांसाठी ते खोकं बंद झालं होतं, पण हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गुडगावचा कार्यक्रम. हिरवळीवर पांढरे तंबू. मी टेलिफोनच्या गाण्याचं हिंदी करून नेलं होतं. ट्रॅक सुरू झाला, धडाम धडाम. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं आणि सवयीप्रमाणे हशासाठी थांबलो. हशा आला नाही. पण त्याहून वाईट म्हणजे ट्रॅक थांबला नाही. मी तोंड उघडं ठेवून उभा आणि गिटार तिसऱ्या कडव्यात पोचलेली. मी धावत तिला गाठलं तर ती चौथ्यात. शेवटच्या दोन गाण्यांत आम्ही एकमेकांना भेटलोच नाही. दोन गाण्यांमधल्या शांततेत जेवणाच्या काउंटरवरून चमच्यांचा आवाज येत होता.

कार्यक्रमानंतर एक मुलगी जवळ आली. कमरेला मोबाइल लावलेला, फार गोड मुलगी. म्हणाली, "अंकल, बुरा मत मानिएगा. फोन के लिए नंबर क्यों लगाना पड़ता था?"

मी वही पिशवीत घातली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"छान."

"बरं."

त्या महिन्यातच नोएडाच्या मराठी मंडळींनी पहिल्यांदा गणपती बसवायचं ठरवलं. तीन सेक्टर सोडून, एका शाळेच्या हॉलमध्ये. आमचे सरोजिनी नगरचे चिटणीस रिटायर होऊन तिकडेच राहायला आले होते, आणि चिटणीसपणा माणसाला सोडत नाही. त्यांचा फोन आला. "तिसरा दिवस तुमचा. दोघांचा. नवीन लोक आहेत, रंगलं पाहिजे. पहिल्या वर्षी पडलं तर दुसऱ्या वर्षी कोणी वर्गणी देणार नाही आणि मंडळ उठेल."

मी होकार दिला, आणि मग गुडगाव आठवलं. आता पडलो असतो तर कार्डं डब्याच्या झाकणालाच उपयोगी पडली असती.

म्हटलं, आपलं चांगलं काय होतं ते एकदा शांतपणे तपासू. आमच्याकडे एका जुन्या गणपतीची व्हिडिओ कॅसेट होती. चिटणीसांच्या मेव्हण्याने नव्या कॅमेऱ्याची हौस म्हणून सगळा कार्यक्रम टिपला होता, पण तेव्हा आमच्याकडे व्हीसीआर नव्हता आणि नंतर वेळ नव्हता. रविवारी दुपारी बायको खाली गेली होती. मुलीने कॅसेट लावून दिली आणि शेजारी पॉपकॉर्न घेऊन बसली.

पडद्यावर बायको होती.

मी थांबलो. कॅमेरा आता माझ्याकडे वळेल, मग वळेल. तो वळला नाही. पूर्ण टेलिफोनच्या गाण्यात मी म्हणजे पडद्याच्या उजव्या कडेला अधूनमधून येणारं एक कोपर. मेव्हण्याने आमच्या बायकोवरून कॅमेरा हलवलाच नव्हता.

आणि मग हसणं ऐकू येऊ लागलं. मी माझ्या सर्वांत चांगल्या ओळी म्हणत होतो तेव्हा हॉल गप्प. तिने बोट जिभेला लावून अगदी सावकाश वहीचं पान उलटलं, हशा. मी सूर चुकलो तेव्हा तिने डावी भुवई केसभर उचलली, मोठा हशा. दुसरं कडवं संपलं, तिने घड्याळात बघितलं, आणि लोकांनी खुर्च्या वाजवल्या. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला शेजारी बसून कधी ऐकूच आली नव्हती. हशा सुरू झाला की ती पुढे जात नव्हती. भाता हलवत एकच सूर धरून ठेवायची, लांब, सरळ, हशा ओसरेपर्यंत. हशा संपला की त्या सुरातून मला अलगद तिसऱ्या कडव्यात सोडायची. तंबूखालच्या गिटारला हे कुठून येणार?

मुलगी पॉपकॉर्न खायची थांबली होती. "बाबा," ती म्हणाली, "आई तर एकदम स्टार आहे यार."

"हूं."

"तुम्ही कुठे आहात?"

"ते कोपर."

त्यानंतरचे आठ दिवस मी जे प्रकार केले ते पुरुषजातीला शोभणारेच होते. म्हणजे खरं सोडून सगळं केलं. भाजीची स्तुती केली. रजया उन्हात घालायच्या निमित्ताने खोक्यावरून काढल्या. संध्याकाळी त्या पुन्हा घडी घालून खोक्यावर. मुलीला पाठवलं, तर ती परत येऊन म्हणाली, "आई म्हणाली, तुझ्या बाबांना तोंड आहे." नवीन गाणं लिहून ती ऐकेल अशा बेताने बाथरूममध्ये म्हटलं:

सेक्टर आमचा कोरा नवा, तिसऱ्या मजली मोकळी हवा,
दिवा तेवढा मागू नका, बाकी सारं मिळेल बुवा!

त्याच क्षणी लाइट गेली. नोएडाची ती साथ सोडली तर दाद नाही.

शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती, तिथे जाऊन मी जमिनीवर बसलो.

"मी ती कॅसेट बघितली," मी म्हणालो. "लोक मला हसत नव्हते. तुला हसत होते. म्हणजे, तुझ्यामुळे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या गणपतीपासून."

"पण तू तर पाण्याची वेळ बघत होतीस ना?"

"पहिल्या वर्षी खरंच पाण्याचीच बघितली." तिने एक शेंग सोलली. "लोक हसले. दुसऱ्या वर्षी घड्याळ बंद पडलेलं होतं. पण म्हटलं, इतकी माणसं वाट बघून बसली आहेत, त्यांची हौस कशाला मोडा."

"बंद पडलेलं? म्हणजे इतकी वर्षं?"

"चार वाजून दहा मिनिटं. मोठीच्या बारशापासून."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. इतकी वर्षं या बाईशी संसार करतोय, शेजारी बसून गातोय, आणि तिच्या हातावरचं घड्याळ बंद आहे हे मला ठाऊक नाही. आणि मी सुभेदारांना सांगत होतो, हिला विनोद कळत नाही!

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने दाणे वाटीत टाकले. "गाणं संपलं की तुम्ही इतके खूश दिसायचात," ती म्हणाली. "आणि मला काय, मला तिथे बसायला आवडायचं. तेवढं पुरे होतं. पण त्या गुडगाववाल्यासमोर तुम्ही मला विचारलंही नाहीत. मला त्रास होतो हे तुम्हीच ठरवून टाकलंत."

"चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

"उद्या येशील?"

"उद्या मंगळवार आहे. खाली कीर्तन आहे." तिने टरफलं माझ्या हातात दिली. "बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेच्या हॉलमध्ये एकटा पोचलो. दोनशे खुर्च्या, बहुतेक भरलेल्या. चेहरे नवे, घरं नवी, एकमेकांची नावं अजून पाठ न झालेली माणसं. पुढच्या रांगेत चिटणीस, मागे मुलं, त्यातली निम्मी आपसांत हिंदीत बोलणारी. स्टेजवर एक सतरंजी. सतरंजीवर मी आणि माझी वही. चिटणीसांनी खुणेने विचारलं, वहिनी? मी खुणेने म्हटलं, येतायत. ही थाप होती.

आरती झाली, मुलींचा नाच झाला. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. आता जादूगाराला कावीळ झाली आहे असं सांगून सुटावं का, असा विचार चालू होता, तेवढ्यात मागचं दार उघडलं.

पेटीचं खोकं दोन बाजूंनी धरून दोन पंजाबी बायका आत आल्या. मागे आणखी पाच-सहा. कपाळावर कीर्तनाचे टिळे तसेच. "रास्ता दो जी, मास्टरनी जी का बाजा है!" आणि त्यांच्या मधोमध आमची बायको. डोळे सरळ, तोंड नेहमीसारखं घरी ठेवून आलेली.

स्टेजवर येऊन तिने सतरंजी बघितली. "पेटी मध्ये," ती हळू म्हणाली. "तुम्ही बाजूला सरका."

मी सरकून बसलो.

नोएडाचं नवं गाणं. पहिलं कडवं. पान उलटताना तिने बोट जिभेला लावलं आणि हॉलमध्ये पहिली खसखस पिकली. कीर्तनवाल्या बायका, ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, सगळ्यांच्या आधी हसल्या. दुसरं कडवं मी जीव तोडून म्हटलं आणि थांबलो. आता ती घड्याळात बघणार.

तिने बघितलं नाही.

सूर मात्र धरून ठेवला होता. लांब, सरळ. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघतेय. मी पुन्हा बघितलं, पुढे वाकून तिच्या मनगटाकडे बघितलं. सूर तसाच. एव्हाना माझ्या चेहऱ्यावर जे काही उमटलं असेल ते बघून पुढच्या रांगेतल्या आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांच्या मागची रांग हसली, मग तिच्या मागची. पंधरा वर्षांत पहिल्यांदा लोक मला हसत होते आणि मी काहीच करत नव्हतो.

तेव्हा तिने सावकाश भात्यावरचा हात काढला. मनगटावरचं घड्याळ सोडलं, कानाला लावलं. हलवलं. पुन्हा कानाला लावलं. आणि अत्यंत गंभीरपणे माझ्या हातात ठेवलं.

हॉल कोसळला म्हणतात तो असा. चिटणीस उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला समजलं की पुढच्या वर्षीची वर्गणी जमली.

मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा. ते मनगटावर बांधायला गेलो तर पट्टा पुरेना, म्हणून खिशात ठेवलं. मग मान वर केली आणि तिसरं कडवं उचललं, तेही घाईत, पार वरच्या पट्टीत. माझा सूर चुकला आणि मी आपोआप तिच्या डाव्या भुवईकडे बघितलं.

भुवई हलली नाही. चेहराही नाही, गुरुजी समोर असते तरी त्यांना खोट काढता आली नसती. पण पेटीचा सूर थरथरला. अगदी थोडा, भाता ओढणारा हात आतल्या आत हसत असला की थरथरतो तेवढा. हॉलमध्ये कोणाला ते ऐकू गेलं नसेल. मी बाजूला बसलो होतो म्हणून मला ऐकू आलं.